घरात टीबीचा रुग्ण असेल तर: रोगप्रतिकारशक्ती, नि-क्षय पोषण योजना आणि कुटुंबासाठी प्रतिबंधात्मक उपचार

घरातील एखाद्या व्यक्तीला टीबी, म्हणजे क्षयरोग झाल्याचे कळले की बहुतेक कुटुंबांचे लक्ष त्या एका व्यक्तीच्या गोळ्यांकडे लागते. ते योग्यच आहे. पण टीबीला हरवायला गोळ्यांबरोबर आणखी दोन गोष्टी लागतात. रुग्णाला पोटभर आणि सकस अन्न मिळाले पाहिजे, आणि त्याच घरात राहणाऱ्या बाकीच्यांची वेळेवर तपासणी झाली पाहिजे. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात या तिन्ही गोष्टींची सोय आहे. तपासणी आणि औषधे मोफत मिळतात, आहारासाठी पैसे थेट बँक खात्यात येतात, आणि घरातील निरोगी माणसांना रोग होऊ नये म्हणून प्रतिबंधात्मक औषध मिळते. यातली तिसरी सोय अनेक घरांना माहीतच नसते.

या लेखात टीबीचा जंतू आणि आपली रोगप्रतिकारशक्ती यांचा संबंध, योजनेचे लाभ, ते मिळवण्याची पद्धत आणि घरातील इतरांनी काय करावे याची माहिती दिली आहे.

## थोडक्यात

- टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी आरोग्य केंद्रात पूर्णपणे मोफत आहेत.
- उपचार सुरू असेपर्यंत रुग्णाला आहारासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणारा रुग्णही यासाठी पात्र आहे.
- फुप्फुसाच्या टीबीच्या रुग्णासोबत एका घरात राहणाऱ्या प्रत्येकाची तपासणी झाली पाहिजे. ज्यांना रोग नाही त्यांना प्रतिबंधात्मक उपचार मिळू शकतो.
- बरे वाटू लागले तरी औषध मधेच थांबवू नये.
- मोफत हेल्पलाइन: १८००-११-६६६६

## टीबीचा जंतू शरीरात गेल्यावर काय होते?

टीबी मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस या जंतूमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी हा शोध जाहीर केला, म्हणून २४ मार्च हा दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळतात. टीबी हा शाप नाही, पूर्वजन्मीचे पाप नाही आणि आनुवंशिकही नाही. तो जंतूंमुळे होणारा आणि औषधाने बरा होणारा आजार आहे.

फुप्फुसाचा टीबी असलेली व्यक्ती खोकते, शिंकते किंवा मोठ्याने बोलते तेव्हा जंतू हवेत मिसळतात. बंद, कोंदट खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासातून फुप्फुसात जातात. तिथे शरीराचे पहारेकरी असतात, म्हणजे जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशी. इतर अनेक जंतू या पेशींच्या पोटात मरतात. टीबीचा जंतू मात्र तिथेही जिवंत राहू शकतो आणि हळूहळू वाढतो.

पुढच्या काही आठवड्यांत रोगप्रतिकारशक्तीची दुसरी फळी जागी होते. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे पोचतात आणि भक्षक पेशींना अधिक जोर देतात. सगळ्या मिळून जंतूंभोवती वेढा घालतात. या वेढ्याची एक बारीक गाठ तयार होते आणि जंतू तिच्या आत कोंडले जातात. ते मेलेले नसतात, पण त्यांना वाढताही येत नाही. या स्थितीला सुप्त संसर्ग म्हणतात. अशा माणसाला खोकला नसतो, ताप नसतो आणि त्याच्यापासून कोणाला लागण होत नाही. तो निरोगीच असतो.

जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात टीबीच्या जंतूचा शिरकाव झालेला आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण जंतूचा संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. उरलेल्यांच्या शरीरात तो वेढा जन्मभर टिकतो.

वेढा सैल पडला की रोग सुरू होतो. सगळ्यात जास्त धोका संसर्ग झाल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत असतो. म्हणूनच घरात रुग्ण सापडला की लगेच बाकीच्यांची तपासणी करायची असते. "कोणाला खोकला आला तर बघू" असे म्हणून थांबण्यात हीच महत्त्वाची वेळ निघून जाते.

## वेढा कशामुळे सैल पडतो?

- कुपोषण: पुरेसे अन्न नसेल तर शरीर पांढऱ्या पेशींची फौज उभी ठेवू शकत नाही. भारतात टीबीचे हे सर्वात मोठ्या कारणांपैकी एक आहे.
- एचआयव्ही: हा विषाणू नेमक्या त्याच टी-पेशी नष्ट करतो ज्या टीबीच्या जंतूला कोंडून ठेवतात.
- मधुमेह: रक्तातील साखर वाढलेली राहिली तर टीबीचा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो.
- तंबाखू, विडी-सिगारेट आणि दारू: धुरामुळे फुप्फुसाचे स्वतःचे संरक्षण दुबळे होते, तर दारूमुळे आहार आणि यकृत दोन्ही बिघडतात.
- सिलिकोसिस: दगडखाणी, खडी केंद्रे आणि दगड घडवण्याच्या कामात बारीक धूळ फुप्फुसात साचून हा आजार होतो. अशा कामगारांना टीबीचा धोका बराच जास्त असतो.
- काही औषधे आणि उपचार: अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स, संधिवातावरील काही इंजेक्शने, तसेच डायलिसिस.
- वय: पाच वर्षांखालील मुलांची प्रतिकारशक्ती अजून पक्की झालेली नसते, तर वयोवृद्धांची ओसरू लागलेली असते.

यांपैकी काहीही तुम्हाला लागू असेल तर दोन आठवड्यांची वाट न पाहता, खोकला किंवा ताप सुरू होताच आरोग्य केंद्रात दाखवा.

## बीसीजी लस घेतलेली असताना टीबी का होतो?

बाळाला जन्मतः दिली जाणारी बीसीजी लस लहान मुलांना टीबीच्या सर्वात घातक प्रकारांपासून वाचवते. मेंदूच्या आवरणाचा टीबी आणि शरीरभर पसरणारा टीबी हे ते प्रकार. म्हणून ती द्यायलाच हवी. पण मोठेपणी होणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीपासून तिचे संरक्षण भरवशाचे नाही. तमिळनाडूतील चेंगलपट्टू भागात १९६८ पासून झालेल्या मोठ्या अभ्यासातही हेच दिसले. त्यामुळे दंडावर लसीचा व्रण आहे म्हणून खोकल्याकडे दुर्लक्ष करू नका.

## लक्षणे कोणती आणि तपासणी कुठे होते?

पुढीलपैकी एक जरी लक्षण असेल तरी तपासणी करून घ्या:

- दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस खोकला
- दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस ताप, विशेषतः संध्याकाळी येणारा
- वजन कमी होणे, भूक मंदावणे
- बेडक्यातून रक्त पडणे
- रात्री दरदरून घाम येणे
- छातीत दुखणे, मानेत गाठ येणे

लहान मुलांमध्ये खोकला असेलच असे नाही. मुलाचे वजन वाढत नसेल, ते खेळायला जात नसेल किंवा सारखा बारीक ताप येत असेल तर तेही टीबीचे लक्षण असू शकते.

तपासणीसाठी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. तुमच्या भागातील आशा सेविका तुम्हाला मदत करील. तिथे बेडक्याची तपासणी होते आणि गरजेप्रमाणे छातीचा एक्स-रे काढतात. सीबीनॅट आणि ट्रूनॅट या यंत्रांवर जंतूच्या जनुकीय खुणा शोधल्या जातात. निदान तर काही तासांत होतेच, शिवाय रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूवर चालेल की नाही हेही कळते. यांपैकी ट्रूनॅट हे गोव्यातील कंपनीने बनवलेले भारतीय यंत्र आहे. ते बॅटरीवर चालत असल्यामुळे छोट्या केंद्रांतही वापरता येते.

बेडका कसा द्यावा? तोंडातली लाळ चालत नाही. आधी साध्या पाण्याने चूळ भरा, खोल श्वास घ्या, छातीतून खोकून आलेला घट्ट बेडका डबीत घ्या आणि झाकण लावा. हे मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर करा.

## उपचार: सहा महिने का लागतात?

नेहमीच्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे असतात. पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून उरलेली तीन. रुग्णाच्या वजनाप्रमाणे ठरलेल्या संख्येत एकत्रित गोळ्या रोज घ्यायच्या असतात.

अनेक जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. टीबीच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ पूर्ण दिवस लागतो, आणि काही जंतू तर वाढ थांबवून पडून राहतात. औषध वाढत्या जंतूंवर चटकन काम करते, झोपलेल्यांवर हळू. पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक जंतू मरतात, खोकला थांबतो, भूक लागते आणि माणूस कामावर जाऊ लागतो. नेमके याच वेळी अनेक जण गोळ्या सोडतात. मागे राहिलेले जंतू मग पुन्हा वाढतात, आणि औषधांना न जुमानणारेही असू शकतात. त्याला औषधरोधक टीबी म्हणतात. त्याचा उपचार अधिक कठीण असतो. केंद्र सरकारने २०२४ मध्ये औषधरोधक टीबीसाठी चार औषधांच्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारपद्धतीला मान्यता दिली. तरीही औषधरोधक टीबी होऊच न देणे हेच शहाणपणाचे आहे.

### औषध घेताना काय लक्षात ठेवावे?

- रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लालसर होते. ते रक्त नसते, घाबरू नका.
- हातापायांना मुंग्या येत असतील तर सांगा. त्यासाठी बी-६ जीवनसत्त्वाची गोळी दिली जाते.
- डोळे पिवळे होणे, सतत उलट्या होणे, अन्न नकोसे होणे, अंधुक दिसणे किंवा रंग नीट न ओळखता येणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून गोळ्या बदलू नका.
- मधुमेह, एचआयव्ही किंवा फिट्सची औषधे, तसेच गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. रिफाम्पिसिनमुळे काही औषधांचा परिणाम कमी होतो.
- उपचाराच्या काळात दारू पूर्ण बंद ठेवा.

## नि-क्षय पोषण योजना

### योजना काय आहे?

भारतात क्षयरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. १९९७ पासून तो सुधारित स्वरूपात राबवला गेला आणि २०२० मध्ये त्याला राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम हे नाव मिळाले. याच कार्यक्रमाखाली एप्रिल २०१८ पासून नि-क्षय पोषण योजना सुरू आहे. उपचाराच्या काळात रुग्णाला सकस अन्न घेता यावे हा तिचा हेतू आहे.

### लाभ किती?

- उपचार सुरू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये. सुरुवातीला ही रक्कम ५०० रुपये होती, १ नोव्हेंबर २०२४ पासून ती दुप्पट झाली. सहा महिन्यांच्या उपचारासाठी एकूण ६,००० रुपये होतात.
- रक्कम थेट लाभ हस्तांतरणाने बँक खात्यात हप्त्यांमध्ये जमा होते.
- उपचार लांबला, उदाहरणार्थ औषधरोधक टीबीमध्ये, तर त्या काळासाठीही लाभ मिळतो.
- ज्या रुग्णांचा बॉडी मास इंडेक्स १८.५ पेक्षा कमी आहे त्यांना सुरुवातीचे दोन महिने अधिक उष्मांक असलेला पूरक आहार देण्याची तरतूद आहे. सोप्या हिशेबात, उंची १६० सेंटिमीटर असून वजन सुमारे ४७ किलोपेक्षा कमी असेल तर तुम्ही या गटात येता. तुमचे वजन आणि उंची मोजून घ्या.
- अधिसूचित आदिवासी भागातील रुग्णांना प्रवासखर्चासाठी एकदा ७५० रुपये देण्याची तरतूद आहे.

### पात्रता

नि-क्षय पोर्टलवर नोंद झालेला आणि उपचार घेत असलेला प्रत्येक टीबी रुग्ण पात्र आहे. उत्पन्नाची अट नाही. शिधापत्रिका कोणत्या रंगाची आहे हे विचारले जात नाही. वय, टीबीचा प्रकार, सरकारी की खासगी उपचार, यांमुळे पात्रता बदलत नाही.

### काय लागते?

- रुग्णाचा नि-क्षय आयडी (नोंदणी झाल्यावर मिळतो)
- ओळखपत्र, शक्यतो आधार
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, त्यावर खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड
- मोबाइल क्रमांक

बँक खाते नसेल तर शून्य शिलकीचे जन-धन खाते उघडता येते. रुग्ण लहान असेल किंवा खाते उघडणे शक्य नसेल तर जवळच्या नातेवाइकाच्या खात्याबाबत आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारा.

### नोंदणी कशी होते?

१. निदान झाल्यावर आरोग्य केंद्रातील कर्मचारी तुमची नोंद नि-क्षय पोर्टलवर करतात. तुम्हाला वेगळा अर्ज करावा लागत नाही.
२. खासगी डॉक्टरकडे निदान झाले असेल तर नोंद करणे त्या डॉक्टरवर बंधनकारक आहे. टीबीची माहिती सरकारला कळवणे २०१२ पासून सक्तीचे आहे. "माझी नि-क्षयवर नोंद झाली का? आयडी काय आहे?" असे डॉक्टरांना नक्की विचारा.
३. आयडी मिळाला की तो पासबुकावर आणि औषधाच्या कार्डावर लिहून ठेवा.
४. बँकेचा तपशील त्याच दिवशी द्या. तो उशिरा दिला तर पैसेही उशिरा येतात.

### पैसे आले नाहीत तर?

बहुतेक वेळा कारण साधे असते. खाते क्रमांकात चूक, बँकांच्या विलीनीकरणानंतर बदललेला आयएफएससी कोड, केवायसी न केल्यामुळे बंद पडलेले खाते, किंवा तेच खाते दुसऱ्या लाभार्थ्याच्या नावावर नोंदलेले असणे. आधी पासबुक भरून घ्या, मग नि-क्षय आयडी आणि पासबुक घेऊन तालुक्याच्या क्षयरोग पथकातील वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकांना भेटा. तिथे काम झाले नाही तर जिल्हा क्षयरोग केंद्रात किंवा १८००-११-६६६६ वर तक्रार करा. पैसे अडले म्हणून गोळ्या थांबवू नका. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

### नि-क्षय मित्र

९ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते प्रधानमंत्री टीबीमुक्त भारत अभियानाची सुरुवात झाली. यात कोणतीही व्यक्ती, संस्था, कंपनी, ग्रामपंचायत किंवा मंडळ नि-क्षय मित्र होऊन रुग्णांना पोषण आहाराची टोपली देऊ शकते. ही मदत रोख रकमेव्यतिरिक्त असते. ती हवी असेल तर रुग्णाची संमती घेतली जाते. आता रुग्णाच्या कुटुंबीयांनाही या मदतीच्या कक्षेत आणले आहे.

## अन्न हे औषधाइतकेच महत्त्वाचे का?

झारखंडच्या चार जिल्ह्यांत 'रेशन्स' नावाचा अभ्यास झाला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टीबी रुग्णांना दरमहा शिधा दिला, आणि काही रुग्णांच्या घरातील इतर माणसांनाही तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे घरातल्या इतरांना टीबी होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला.

हा आकडा घरी वापरता येतो. रुग्णाचे वजन ४२ किलो असेल तर दोन महिन्यांत ते किमान दोन किलोंनी वाढले पाहिजे. दर महिन्याला गोळ्या आणायला जाल तेव्हा वजन करा आणि कार्डावर लिहून घ्या. गोळ्या नियमित घेऊनही वजन वाढत नसेल किंवा घटत असेल तर डॉक्टरांना सांगा.

### महिन्याच्या एक हजार रुपयांत काय घ्यावे?

- डाळी, हरभरे, मटकी, चवळी, शेंगदाणे
- अंडी, जमेल तेव्हा मासे किंवा चिकन
- दूध, दही
- गूळ-शेंगदाण्याचे लाडू, नाचणीची पेज, भाकरीवर तेल किंवा तूप
- हंगामातील स्वस्त भाज्या आणि फळे

भूक कमी असेल तर दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खायला द्या. टीबीमध्ये आंबट, थंड किंवा "वातूळ" म्हणून कोणताही पदार्थ बंद करण्याची गरज नाही. मधुमेह असेल तर गोड पदार्थांबाबत मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्या. "प्रतिकारशक्ती वाढवणारी" म्हणून विकली जाणारी महाग पावडर घेण्याचीही गरज नाही. त्याच पैशांत पंधरवड्याची अंडी आणि डाळ येते.

## घरातील इतरांसाठी: टीबी प्रतिबंधात्मक उपचार

रुग्ण सापडला तेव्हा घरातील काहींच्या शरीरात जंतू आधीच शिरलेला असू शकतो. त्यांचा वेढा अजून टिकून आहे. तो तुटण्याआधीच आतले जंतू मारायचे, हा प्रतिबंधात्मक उपचाराचा हेतू आहे.

कोणासाठी? फुप्फुसाच्या टीबीच्या रुग्णासोबत राहणारे सर्व वयाचे लोक, तसेच एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्ती. डायलिसिसवरील रुग्ण, सिलिकोसिसचे रुग्ण, प्रत्यारोपणाची तयारी असलेले आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे यांचाही तपासणीनंतर विचार होतो.

काय होते?

१. आरोग्य कर्मचारी घरी येऊन किंवा केंद्रात प्रत्येकाला लक्षणे विचारतात. लक्षण असेल तर टीबीची तपासणी होते. टीबी निघाला तर पूर्ण उपचार सुरू होतो.
२. पाच वर्षांखालील मुलाला टीबी नाही याची खात्री झाली की प्रतिबंधात्मक औषध सुरू करतात. या वयात रोग वेगाने बळावतो, म्हणून वाट पाहिली जात नाही.
३. पाच वर्षांवरील व्यक्तींसाठी, सोय असेल तिथे, त्वचेची किंवा रक्ताची चाचणी आणि छातीचा एक्स-रे करतात. ही चाचणी टी-पेशींना टीबीच्या जंतूची ओळख झाली आहे का हे दाखवते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे रोग झाला असे नाही, जंतूचा शिरकाव झाला आहे इतकाच तिचा अर्थ.
४. औषध दोन प्रकारे दिले जाते: आयसोनियाझिडची गोळी सहा महिने रोज, किंवा आयसोनियाझिड व रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे. कोणता प्रकार योग्य हे डॉक्टर ठरवतात.

औषधरोधक टीबीच्या रुग्णाच्या घरात वेगळे औषध लागू शकते, म्हणून रुग्णाच्या गोळ्या स्वतःहून घरात कोणालाही देऊ नका.

"मला काही होत नाही, मग गोळ्या कशाला?" हा प्रश्न साहजिक आहे. पावसाळ्याआधी आपण घर शाकारतो, तेव्हा ते गळत नसते. तसेच हे आहे. कोणी घरी आले नाही तर स्वतः केंद्रात जाऊन "घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि प्रतिबंधात्मक उपचार हवा" असे स्पष्ट सांगा.

## कामासाठी गाव किंवा राज्य बदलताना

नि-क्षय आयडी देशभर चालतो. बीडहून ऊसतोडीसाठी कर्नाटकात जाणारा मजूर असो किंवा खानदेशातून सुरतेला कामाला गेलेला तरुण, उपचार जिथे जाल तिथल्या सरकारी केंद्रात पुढे चालू ठेवता येतो.

- निघण्यापूर्वी केंद्रात सांगा. ते तुमची नोंद नव्या ठिकाणी पाठवतात.
- प्रवासाचे दिवस धरून पुरेशा गोळ्या सोबत घ्या.
- आयडी, औषधाचे कार्ड आणि तपासणीचे कागद जवळ ठेवा.
- सांगायचे राहून गेले तरी नव्या गावातील केंद्रात जाऊन आयडी दाखवा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रुग्णाचे ताट, पेला, अंथरूण वेगळे ठेवावे का?
नाही. टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून किंवा स्पर्शातून नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी मद्रासमधील अभ्यासात घरी राहून उपचार घेणाऱ्या रुग्णांची आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णांशी तुलना केली. घरी उपचार घेतल्याने कुटुंबीयांचा धोका वाढला नाही असे दिसले, आणि जगभर घरगुती उपचाराची पद्धत रूढ झाली.

मग काळजी कोणती घ्यावी?
खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क, खिडक्या उघड्या, आणि सुरुवातीचे काही आठवडे शक्य असेल तर वेगळ्या हवेशीर खोलीत झोपणे. बेडका झाकणाच्या डबीतच टाकावा. योग्य औषध सुरू झाल्यावर संसर्ग पसरण्याची शक्यता झपाट्याने कमी होते.

टीबी असलेल्या आईने बाळाला अंगावर पाजावे का?
हो. आईने मास्क लावावा, औषध नियमित घ्यावे आणि बाळाची तपासणी करून घ्यावी.

एखादा दिवस गोळी चुकली तर?
आठवण होताच आरोग्य कर्मचाऱ्याला कळवा आणि त्यांच्या सल्ल्याने पुढे चालू ठेवा. दोन दिवसांच्या गोळ्या एकदम घेऊ नका.

एकदा बरा झाल्यावर टीबी पुन्हा होतो का?
होऊ शकतो. उपचार संपल्यानंतर दोन वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यावी.

गावात कळले तर मुलीचे लग्न मोडेल, अशी भीती वाटते.
ही भीती खरी आहे, पण लपवलेला टीबी घरातच पसरतो. उपचार पूर्ण केलेला माणूस बरा होतो, तो लग्न, मुले, नोकरी सगळे करू शकतो. तुमची माहिती गोपनीय ठेवणे आरोग्य कर्मचाऱ्यांचे कर्तव्य आहे.

## आजच करायच्या गोष्टी

भारतात २०१५ मध्ये दर लाख लोकांमागे टीबीचे २३७ नवे रुग्ण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये ते १९५ झाले. आकडा घटला आहे, तरी जगातील दर चार रुग्णांपैकी एक आजही भारतात आहे. तुमच्या घरात रुग्ण असेल तर पुढील गोष्टी तपासा:

- रुग्णाचा नि-क्षय आयडी लिहून ठेवला आहे का?
- बँकेचा तपशील दिला आहे का?
- या महिन्यात वजन केले का?
- घरातील प्रत्येकाची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी झाली का?
- प्रतिबंधात्मक उपचाराबद्दल विचारले का?

यांपैकी एकाचे जरी उत्तर "नाही" असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात जा, आशा सेविकेला भेटा किंवा १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर फोन करा.